नावाआधीचं अक्षर

युरोपियन संसदेच्या निवडणुकीत आमच्या घरातून पहिलं मत पडलं ते बायकोचं. तिचा पासपोर्ट भारताचा. माझा पोर्तुगालचा, म्हणजे युरोपियन युनियनचा, आणि मी मात्र शाळेच्या फाटकाशी तिची वाट बघत उभा. २३ मे २०१९ ची सकाळ होती. टेबलापर्यंत जाऊन परत पाठवलेल्या मतदाराला आपल्या हातांचं काय करावं ते सुचत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. मी ते जॅकेटच्या खिशात घातले, काढले, परत घातले.

हे असं उलटं का झालं, ते सांगायचं तर गोव्याच्या सीमेवरच्या तेरेखोल नदीपासून सुरुवात करायला हवी.

मी पेडण्याचा, बायको सावंतवाडीची. सकाळी बाजाराला निघून दुपारच्या जेवणाला घरी परत येता येईल एवढंच अंतर. पेडणे महाल १७८८ पर्यंत सावंतवाडीकरांकडेच होता. तेव्हा तो पोर्तुगिजांकडे गेला आणि १९ डिसेंबर १९६१ पर्यंत त्यांच्याकडे राहिला. माझे बाबा त्या तारखेच्या आधी जन्मलेले. त्यांच्या जन्माची नोंद पोर्तुगीज भाषेत आहे, आणि नाईक या आडनावाच्या शेवटी तिथे के नाही, क्यू-यू-ई आहे. त्या तारखेपूर्वी गोवा, दमण, दीव इथे जन्मलेल्यांना पोर्तुगालचा कायदा आपले नागरिक म्हणून नोंद करून घेऊ देतो. लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कार्यालयात ती नोंद झाली की पुढे मुलांनाही हक्क पोचतो. माझे सासरे बाबांच्याच वयाचे, पण नदीच्या पलीकडे जन्मले. त्यामुळे एकाच मंगळसूत्राच्या दोन बाजूंना दोन देश.

घरात आम्ही मराठी बोलतो, आई फोनवर कोंकणी बोलते, आणि पोर्तुगीज मला 'बों दिय' आणि 'ओब्रिगाद' यापलीकडे येत नाही. लिस्बनला मी आयुष्यात चार दिवस राहिलोय. भारताचा पासपोर्ट परत केला, परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते ओसीआय कार्ड काढलं आणि २०१४ मध्ये इंग्लंडच्या नैऋत्य भागातल्या एका शहरात गोदामाच्या नोकरीवर रुजू झालो. शहराचं नाव मुद्दाम देत नाही. माझा मावसभाऊ स्विंडनला असतो. तिथं गोंयकार इतके, की चतुर्थीला गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधायला काय काय मिळेल याची चर्चा बसस्टॉपवर चालते. आमच्या शहरात आम्ही मोजकेच. बायको माझ्या मागून कुटुंबीय म्हणून आली, भारताच्याच पासपोर्टवर.

पहिला धक्का २०१६ चा. ब्रेक्झिटच्या सार्वमताचं मतदान कार्ड आलं, ते तिच्या नावानं. मला नाही. मी म्हटलं, चूक झाली असेल. चूक नव्हती. ब्रिटनमध्ये कायदेशीर राहणारा राष्ट्रकुलाचा नागरिक सगळ्या निवडणुकांत मत देऊ शकतो. भारत राष्ट्रकुलात, पोर्तुगाल नाही. युरोपियन नागरिकांपैकी सार्वमतात मत होतं ते आयरिश, सायप्रस आणि माल्टाच्या लोकांना, आणि त्यातले शेवटचे दोघे पुन्हा राष्ट्रकुलवालेच. गंमत म्हणजे मोझांबिकही १९९५ पासून राष्ट्रकुलात आहे. आमच्या गावातले दोघे-तिघे पोर्तुगिजांच्या काळात नोकरीला मोझांबिकला गेले होते. त्यांनी तिथलं नागरिकत्व घेतलं असतं, तर ब्रिटननं युरोपात राहावं की नाही हे त्यांना ठरवता आलं असतं. मला, ज्याचं राहणंच त्यावर अवलंबून, नाही.

"मी तुमच्या वतीनं देते," बायको म्हणाली. कुणाला दिलं ते तिनं आजवर सांगितलेलं नाही. मतदान गुप्त असतं म्हणते.

तरी युरोपियन संसदेचं प्रकरण वेगळं, अशी माझी पक्की समजूत होती. १९९२ च्या मास्ट्रिख्ट करारात ते लिहिलेलंच आहे: युनियनचा नागरिक युनियनमधल्या ज्या देशात राहतो, त्या देशात त्याला युरोपियन संसदेसाठी मत देण्याचा आणि उभं राहण्याचाही हक्क, तिथल्या नागरिकांच्याच अटींवर. डिसेंबर १९९३ मध्ये त्याचे नियम ठरले आणि १९९४ च्या निवडणुकीपासून ते लागू आहेत. म्हणजे इथं तरी मी पाहुणा नाही, घरचाच.

२०१९ च्या वसंतात ब्रिटनला कुठं जायचंय ते ब्रिटनलाच कळत नव्हतं. २९ मार्चला बाहेर पडायचं होतं, ते १२ एप्रिलवर गेलं, तिथून ३१ ऑक्टोबरवर. मुदत वाढली म्हणजे मे महिन्यात युरोपियन निवडणूक घेणं आलं. सरकार शेवटपर्यंत म्हणत राहिलं की कदाचित तशी वेळ येणार नाही. मध्येच २ मेला आमच्याकडे कौन्सिलची निवडणूक झाली. स्थानिक निवडणुकीत युरोपियन नागरिकांना तेव्हा मत असायचंच. मी गेलो, नाव सांगितलं, कागद मिळाला, फुली मारली, घरी आलो. माझा घात खरं तर त्या दिवसानं केला. आपलं नाव यादीत आहे, आता तीन आठवड्यांनी पुन्हा यायचं, एवढंच डोक्यात बसलं.

शनिवारी, ४ मेला, कौन्सिलकडून पाकीट आलं. आत दोन पानांचा फॉर्म, डोक्यावर 'यूसी १'. ज्यांनी युरोपियन नागरिक म्हणून नाव नोंदवलंय त्यांनी युरोपियन संसदेसाठी हे वेगळं प्रतिज्ञापत्र भरायचं, आणि ते ७ मेपर्यंत कार्यालयात पोचलं पाहिजे. ५ ला रविवार. ६ ला सोमवार, पण मे महिन्याची बँक हॉलिडे. म्हणजे शनिवारी दुपारी हातात आलेला कागद मंगळवारी रात्री बारापर्यंत टेबलावर.

फॉर्म मी लगेच भरायला घेतला. नाव, पत्ता, राष्ट्रीयत्व इथवर ठीक. पुढे विचारलं होतं: तुमच्या मूळ देशात तुमचं नाव शेवटचं कोणत्या मतदारसंघाच्या यादीत होतं? आता काय लिहायचं? माझं नाव यादीत होतं ते पेडणे विधानसभा मतदारसंघाच्या, आणि तो 'मूळ देश' या फॉर्मच्या लेखी माझा मूळ देशच नव्हता. लिस्बन लिहावं तर चार दिवसांच्या मुक्कामावर मतदारसंघ सांगितल्यासारखं. बायको म्हणाली, "रेघ मारा." रेघ मारली.

त्याखाली मुख्य वाक्य: या निवडणुकीत मी फक्त इथे मतदान करीन, दुसऱ्या सदस्य देशात करणार नाही. खाली सही. हे का मागतात ते समजण्यासारखं आहे. आम्हा लोकांची नावं दोन याद्यांत असू शकतात. २०१४ च्या निवडणुकीत जर्मनीतल्या 'डी त्साइट' या मोठ्या साप्ताहिकाचे संपादक जोव्हानी दि लोरेन्झो यांनी टीव्हीवरच्या चर्चेत सहज सांगून टाकलं होतं की त्यांनी दोनदा मत दिलं, एकदा इटलीच्या कॉन्सुलेटमध्ये आणि एकदा जर्मनीच्या मतदान केंद्रावर. दोन पासपोर्ट, दोन मतं. त्यांना वाटलं होतं चालतं. नंतर चौकशी झाली. एवढ्या शिकल्या-सवरलेल्या माणसाला कळलं नव्हतं, तर मग प्रतिज्ञा लिहून घेतलेली बरी, यात माझी तक्रार नाही. पण पहिल्यांदा नाव नोंदवताना राष्ट्रीयत्व विचारलंत, तेव्हाच त्या फॉर्ममध्ये ही एक ओळ घालता आली असती, एवढं मात्र मला अजून वाटतं.

सही केली. पाकीट चिकटवलं. सोमवारी संध्याकाळी रात्रपाळीला जाताना कोपऱ्यावरच्या लाल पेटीत टाकलं. सुट्टीच्या दिवशी पेटी उघडत नाहीत हे मला माहीत होतं, पण मंगळवारी सकाळी उघडतील आणि त्याच शहरातलं पत्र संध्याकाळपर्यंत पोचेल असा आपला हिशेब. हा हिशेब पेडण्याच्या पोस्टाचाही जुळला नसता, मग इंग्लंडच्या पोस्टाचा कसा जुळावा? गोदामात माझ्याबरोबर एक पोलिश मुलगी होती. तिनं नंतर सांगितलं की तिनं भरलेल्या फॉर्मचा फोनवर फोटो काढला आणि ईमेल करून टाकला. चाललं. हे मला सुचलंच नाही. सहीचा कागद म्हटल्यावर तो टपालानंच जायला हवा, हे डोक्यात बसलेलं.

त्याच मंगळवारी, ७ मेला, मंत्री डेव्हिड लिडिंग्टन यांनी जाहीर केलं की आता निवडणूक टळत नाही, २३ ला होणारच. निवडणूक होणार हे ज्या दिवशी नक्की झालं, तोच तिच्यासाठी नाव नोंदवण्याचा शेवटचा दिवस.

मग २३ तारीख. रात्रपाळी संपवून मी सहाला घरी आलो, आंघोळ केली. बायकोचं कार्ड आलेलं होतं, माझं नव्हतं. पण तेव्हा कार्ड नसलं तरी चालायचं, नाव-पत्ता सांगितला की पुरायचं, हे २ मेच्या अनुभवावरून माहीत. साडेसातला आम्ही प्राथमिक शाळेच्या हॉलमध्ये. बुटक्या मुलांच्या बुटक्या खुर्च्या भिंतीला लावून ठेवलेल्या, एका टेबलामागे दोघं. त्यातल्या आजींच्या हातात यादी आणि लाकडी पट्टी. बायकोचं नाव त्यांना लगेच सापडलं, पट्टी ठेवून रेघ मारली, कागद फाडून दिला. मग माझं. पट्टी खाली सरकत आली, थांबली. आजींनी चष्मा वर केला.

"तुमच्या नावाआधी 'जी' आहे," त्या म्हणाल्या.

मी वाकून बघितलं. घराचा नंबर एकच. तिच्या नावाआधी काही नाही, कोरं. माझ्या नावाआधी छापलेलं एक अक्षर. जी म्हणजे काय ते त्यांनी नीट, दोनदा समजावलं. हा मतदार फक्त स्थानिक निवडणुकीचा. मी फॉर्मचं सांगितलं. शेजारच्या गृहस्थांनी फोन लावला, बराच वेळ कानाला धरून उभे राहिले, मग म्हणाले, तुमचा फॉर्म आलाय, पण ९ तारखेला आला. आजींना खरंच वाईट वाटत होतं. त्यांनी माझ्याकडे न बघता पट्टी पुढच्या नावावर नेली. मागे रांगेत दोन माणसं होती आणि मला एवढंच वाटलं की यांना मी कुणी लबाड वाटत असेन.

बायको कागद हातात घेऊन बूथपाशी थांबलेली. "काय झालं?" मी म्हटलं, "तू दे, मी बाहेर आहे."

घरी येऊन ती अक्षरं मी शोधून काढली. फॉर्म वेळेत पोचला असता तर माझ्या नावाआधी जी ऐवजी के आलं असतं, म्हणजे स्थानिक अधिक युरोपियन. आमच्या नाईकमधला शेवटचा के पोर्तुगिजांनी काढून घेतला, आणि नावाआधी लागायचा तो के इंग्रजांनी लावला नाही. बाबांना फोनवर हे सांगितलं तर ते इतके हसले की माझा राग निम्मा तिथंच उतरला.

उरलेला निम्मा दुपारी कमी झाला. मी एकटा नव्हतो. फोनवर एकामागून एक फोटो येत होते, देशभर मतदान केंद्रांवरून परत पाठवलेल्या फ्रेंच, इटालियन, रोमेनियन, पोलिश माणसांचे. कुणाला फॉर्म आलाच नव्हता, कुणी भरून दिला तरी यादीत नावाआधी 'जी'च. निवडणूक आयोगानं त्याच दिवशी निवेदन काढलं: लोकांचा वैताग आम्ही समजू शकतो, सरकारनं निवडणुकीचं फार उशिरा कळवल्यामुळे या प्रक्रियेची माहिती पोचवायला वेळच उरला नाही, आणि ही पद्धत सोपी करा असं आम्ही २०१४ नंतरच सुचवलं होतं. पाच वर्षांपूर्वीच सुचवलं होतं, हे वाचून मला कसला दिलासा मिळायचा होता कोण जाणे.

स्विंडनहून मावसभावाचा फोन. तो अशा बाबतीत वकिलाच्या वरचा. "तुझा फॉर्म उशिरा पोचला म्हणजे रद्दच ना? मग तुझी प्रतिज्ञाही रद्द. रविवारी लंडनला पोर्तुगालच्या कॉन्सुलेटमध्ये जा आणि दे मत." पोर्तुगालचं मतदान रविवारी, २६ मेला होतं, आणि परदेशातला पत्ता असलेल्या नागरिक-कार्डावाल्यांची नावं २०१८ च्या कायद्यानंतर आपोआप यादीत गेली होती. म्हणजे रस्ता होता. दोन रात्री मी त्यावर घालवल्या. कायद्यानं कदाचित त्याचं बरोबरही असेल. पण सही मी केली होती, 'दुसऱ्या देशात करणार नाही' असं लिहून. कागद नऊ तारखेला पोचला म्हणून सही नऊ तारखेला झाली असं होत नाही. शिवाय मला मत द्यायचं होतं ते मी राहतो तिथं. पोर्तुगालच्या २१ जागांवर कोण जातं याबद्दल मला ओ की ठो कळत नव्हतं. खोटं कशाला बोला, लंडनचं रेल्वेचं तिकीट हेही एक कारण होतंच.

तसं पोर्तुगालचं एवढंच ठाऊक होतं की तिथले तेव्हाचे पंतप्रधान आंतोनिओ कोश्ता मडगावच्या घराण्यातले. आणि डब्लिनला तेव्हा लिओ वराडकर, ज्यांचं मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड. युरोपियन नेत्यांच्या बैठकीत त्या मे महिन्यात कोकणपट्टीचे दोन पंतप्रधान बसत होते आणि मला गोदामाच्या कँटीनमध्ये बसून याचा उगाच अभिमान वाटत होता.

बायकोला मिळालेल्या कागदाचीही एक गोष्ट आहे. आमच्या मतदारसंघाचं पूर्ण नाव 'नैऋत्य इंग्लंड आणि जिब्राल्टर'. जिब्राल्टर म्हणजे स्पेनच्या टोकाला लागून असलेला खडक, ब्रिटनच्या ताब्यातला. तिथल्या लोकांना युरोपियन संसदेत मतच नव्हतं. एक बाई स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयात गेल्या आणि १९९९ मध्ये जिंकल्या. मग ब्रिटननं जिब्राल्टर आमच्याकडच्या मतदारसंघाला जोडलं, आणि तिथंही राष्ट्रकुलाच्या नागरिकांना मत दिलं. यावर स्पेन लक्झेंबर्गच्या युरोपियन न्यायालयात गेला: जे युनियनचे नागरिकच नाहीत ते युनियनची संसद कशी निवडणार? सप्टेंबर २००६ मध्ये निकाल लागला. मत कुणाला द्यायचं हे ठरवणं त्या त्या देशाचं काम. ज्यांचा देशाशी जवळचा संबंध आहे अशा बिगरनागरिकांना ते देता येतं. म्हणजे सावंतवाडीच्या माझ्या बायकोचं मत नुसतं चुकून पडलेलं नव्हतं, त्यावर युरोपच्या सर्वोच्च न्यायालयाची मोहोर होती. हे तिला सांगितल्यापासून ती मला भांडणात 'लक्झेंबर्ग' ऐकवते.

आमच्या मतदारसंघात सहा जागा. तीन ब्रेक्झिट पक्षाला, दोन लिबरल डेमोक्रॅटांना, एक ग्रीनना. ब्रिटनचे ७३ खासदार गेले आणि ३१ जानेवारी २०२० ला परत आले. माझं मत पडलं असतं तरी सात-आठ महिन्यांचंच होतं. जून महिन्यात कौन्सिलचं पत्र आलं होतं, सभ्य भाषेत: आपला अर्ज मुदतीनंतर मिळाला.

२०२१ मध्ये आम्ही आयर्लंडला आलो. कारण साधं: काम मिळालं, आणि पोर्तुगालच्या पासपोर्टवर इथं यायला कुणाला विचारावं लागत नाही. बायको पुन्हा कुटुंबीय म्हणून मागून आली, तिच्या हातात पुन्हा एक नवं कार्ड आणि नवा शिक्का. गाव देशाच्या मधल्या भागात, समोर कुरण, मागे दलदल, पाऊस कोकणासारखा पण बाराही महिने आणि थंड.

२०२४ च्या सुरुवातीलाच मी ठरवलं, या खेपेला टपालपेटीच्या नादाला लागायचं नाही. इथं मतदार नोंदणी वर्षभर चालू असते. पीपीएस नंबर म्हणजे इथला सरकारी ओळख क्रमांक, जन्मतारीख, घराचा एअरकोड म्हणजे इथला पिनकोड, एवढं दिलं की नाव लागतं. पण युरोपियन नागरिकाला पहिल्यांदा युरोपियन संसदेसाठी मत द्यायचं तर इथंही वेगळा फॉर्म, त्याचं नाव 'ईपी १'. तीच प्रतिज्ञा, तोच मूळ देशातल्या मतदारसंघाचा प्रश्न. तीच रेघ मी मारली. पण फॉर्म घेऊन स्वतः कार्यालयात गेलो, खिडकीतल्या बाईंकडे दिला आणि म्हटलं, पोच द्या. त्या म्हणाल्या, पोच कशाला, मी तुमच्यासमोरच चढवते. मी म्हटलं, तरी द्या. त्यांनी झेरॉक्सवर शिक्का मारून दिला. तो कागद अजून आमच्या देवघराच्या खणात आहे. ही माहिती आता पोर्तुगालला जाणार, तिथल्या यादीत माझ्या नावावर खूण होणार, म्हणजे मी दोन ठिकाणी उगवणार नाही.

बायकोचा फॉर्म त्याच खिडकीत गेला. आणि आता पारडं फिरलं. आयर्लंडमध्ये स्थानिक निवडणुकीत इथं राहणाऱ्या कुणालाही मत आहे, पासपोर्ट कुठलाही असो. युरोपियन संसदेसाठी मात्र फक्त युनियनच्या नागरिकांना. राष्ट्रकुल इथं चालत नाही. या देशानं १९४९ मध्येच ते सोडलं. इथल्या यादीतही अक्षरं आहेत. माझ्या नावासमोर ई, म्हणजे युरोपियन आणि स्थानिक. तिच्या नावासमोर एल, फक्त स्थानिक.

"लक्झेंबर्गला जाईन मी," ती म्हणाली.

कामावरचा एक आयरिश मित्र म्हणाला, नुसतं मत काय देतोस, उभाच राहा. चेष्टेत म्हणाला, पण मी त्या रात्री बसून नियम वाचले. उभं राहता येत होतं! वय २१ पूर्ण, युनियनचा नागरिक, आणि १,८०० युरो अनामत. किंवा अनामत नको असेल तर ६० मतदारांच्या सह्या. पूर्वी अशा परदेशी उमेदवाराला आपल्या देशातून दाखला आणावा लागे की याला अपात्र ठरवलेलं नाही. त्या दाखल्यापायी माणसं अडकायची, कुठल्या कार्यालयातून तो मिळतो हेच कळायचं नाही. २०१३ मध्ये नियम बदलला: उमेदवारानं स्वतः लिहून द्यायचं, आणि राहत्या देशानं मूळ देशाला विचारायचं, उत्तर पाच कामाच्या दिवसांत. असे लोक निवडूनही येतात. दानियेल कोन-बेंडिट कधी जर्मनीतून निवडून आले, कधी फ्रान्समधून. इटलीचे सांद्रो गोझी फ्रान्सच्या यादीतून खासदार झाले, आणि तेही ब्रिटन बाहेर पडल्यावर त्याच्या जागांतल्या काही फ्रान्सला मिळाल्या म्हणून.

बायको आणखी पुढे होती. ती एलवाली, पण स्थानिक निवडणुकीत तिलाही उभं राहता येतं. "साठ सह्या तुम्ही कुठून आणणार?" तिनं विचारलं. मी मोजल्या. गोदामातले, कोपऱ्यावरच्या दुकानातले, मल्याळी नर्सांच्या घरचे मिळून बावीस झाले, आणि त्यातल्या मल्याळींपैकी बरेच एलवाले, म्हणजे युरोपियन निवडणुकीच्या कागदावर त्यांची सही चालायचीच नाही. तो विषय तिथंच संपला.

७ जून २०२४, शुक्रवार. दोन्ही निवडणुका एकाच दिवशी, एकाच शाळेत. पुन्हा प्राथमिक शाळाच, पुन्हा बुटक्या खुर्च्या, भिंतीवर आयरिश भाषेतले रंगांचे तक्ते. टेबलामागचा तरुण मुलगा. मी ओळखपत्र काढून हातात धरलं होतं, शिक्क्याचा झेरॉक्स खिशात. त्यानं नाव शोधलं, बोट ठेवलं, आणि माझं हृदय उगाच वर आलं. "ई," तो म्हणाला, आणि शेजारच्या बाईंनी दोन कागद दिले. बायकोचं नाव. "एल." एक कागद.

युरोपियनचा कागद उलगडला तर हातभर. आमचा मतदारसंघ मिडलंड्स–नॉर्थ-वेस्ट, जागा पाच, उमेदवार २७. इंग्लंडात या निवडणुकीत पक्षासमोर एक फुली मारली की काम व्हायचं. इथं उमेदवारांसमोर पसंतीचे आकडे लिहायचे, १, २, ३, मन भरेपर्यंत. फोटोही असतात, ते बरं. बूथचा फळा त्या कागदाला पुरत नव्हता, खालचा भाग लोंबत होता. मी चार आकडे ठरवून गेलो होतो. लिहिले. मग वाटलं, पाच वर्षं थांबलोय, चारच का? नऊपर्यंत गेलो. दहाव्याला पेन्सिल टेकवली आणि लक्षात आलं की याची मला काही माहिती नाही, निव्वळ चेहरा बरा वाटला. तिथं थांबलो. मागे बायको केव्हाची आटपून उभी.

"झालं का? की पेपर लिहिताय?"

घड्या घातल्या, पेटीच्या फटीत तो कागद सरळ जाईना. मुलानं सांगितलं, आणखी एक घडी. घातली. गेला.

मतमोजणी कॅसलबारला, आणि ती किती दिवस चालली! एकेक उमेदवार बाद होणार, त्याची मतं पुढच्या पसंतीला वाटणार, परत मोजणी. मी रोज जेवताना फोनवर फेऱ्या बघत होतो, क्रिकेटच्या धावफलकासारख्या. माझ्या पहिल्या पसंतीचा माणूस मध्येच कुठंतरी गळाला. आता माझं मत दुसऱ्याकडे गेलं, म्हणून मी त्याच्यामागे. शेवटी आले त्या पाचांत एक निवृत्त महिला जॉकी, एक टीव्हीचे माजी बातमीदार. बायकोनं कौन्सिलसाठी ज्याला एक नंबर दिला होता तो गावातला माणूस शनिवारीच निवडून आला. कोणाला दिलं ते या वेळी तिनं सांगितलं, कारण त्यानं आमच्या गल्लीचा दिवा दुरुस्त करायचं कबूल केलं होतं आणि तिला आता त्याचा पाठपुरावा करायचा होता.

२९ नोव्हेंबरला डॉलची, म्हणजे इथल्या लोकसभेची निवडणूक आली. त्यात ई चालत नाही आणि एलही नाही, त्यामुळे आमच्या घरी एकही कार्ड नाही. प्रचाराला मात्र तिघं आले, भर पावसात, एक उमेदवार स्वतः. बायकोनं त्यांना आत बसवलं, आल्याचा चहा दिला, चकली दिली. उमेदवारानं विचारलं, अडचणी काय आहेत? तिनं दिव्याचं सांगितलं, बसचं सांगितलं, डॉक्टरकडच्या रांगेचं सांगितलं. त्यांनी सगळं लिहून घेतलं. आम्हांला मत नाही हे तिनं त्यांना चहा संपल्यावर सांगितलं.